बाहेरगावची फी

लातूर जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. जिल्हा झाला तवा लोकांनी पेढे वाटले, गुलाल उधळला. पन आभाळाला कुनी कळवलंच न्हाई वाटतं. ते आपलं कोरडंच फिरत ऱ्हायलं. मिरग गेला, आर्द्रा गेल्या, तरी विहिरीच्या तळाला गाळच दिसायचा. नळाला चौथ्या दिवशी पानी, आन् ते बी एक घागर भरंपर्यंत तीनदा दम टाकायचं.

तरी गाव फुगतच चाललं. नवा जिल्हा म्हनल्यावर हापिसं आली. पन हापिसाला इमारती कुठून येनार? मिळंल तिथं टेबलं मांडली. एक हापिस तर डाळमिलच्या गोदामात व्हतं. तिथली फाईल झटकली तर तुरीचा भुसा पडायचा. ह्या गडबडीत गावात दोन तऱ्हेची मानसं उतरली. एक ट्रंका-वळकट्या घेऊन बदलीवर आलेली, आन् दुसरी भांडीकुंडी डोक्यावर घेऊन कामावर आलेली. पहिली बसून काम करनारी. दुसरी त्यांना बसायला जागा बांधून देनारी.

नागुबाई दुसऱ्यातली. मूळ गाव नांदेडकडं, लोह्याच्या अंगाला. नवरा लिंबाजी मिस्त्रीच्या हाताखाली, आन् ही टोपली उचलायची. गाव सोडून आठ सालं झाली व्हती. काम जाईल तिकडं बिऱ्हाड. दोन सालं मुदखेडला रेल्वेच्या कामावर काढली, मग धर्माबादला गोदामं बांधली, मग नांदेड. आता लातूरला साहेबलोकांचे क्वार्टर चालले व्हते आन् त्याच्याच मागं पत्र्याच्या खोपीत ह्यांचा मुक्काम.

लेकरू एकच, पंचशीला. बारा वर्षांची पोर, अक्षर असं की छापल्यावानी. पन शाळा कशी झाली तिची? काम हललं की नवं गाव, नवी शाळा. पुस्तकातला पहिला धडा तिला तीन गावांत शिकवला, शेवटचा एका बी गावात न्हाई. ह्या खेपेला मात्र गुत्तेदार म्हनला व्हता, क्वार्टरचं काम पाच सालं हलत न्हाई. ते ऐकलं आन् नागुबाईनं मनाशी गाठ मारली. पोरगी आता सहावीत हाय, दहावी हितंच करंल. मंग आभाळ पडो का जमीन फाटो. पाऊस तर पडतच नव्हता.

आन् मंगळवारी पोरीनं शाळेतून चिठ्ठी आनली.

शाळा सरकारी मदतीवर चालनारी, पन कारभार बघायला गावातल्या चार लोकांची कमिटी. नाव घेत न्हाई, शाळा अजून चालू हाय. तर कमिटीनं ठराव केला व्हता. बाहेरगावाहून तात्पुरतं कामासाठी आलेल्या मानसांच्या लेकरांना सालाची साठ रुपये जादा फी. शनिवारपर्यंत भरा, न्हाई तर नाव कमी. पंचशीलानंच ती वाचून दाखवली. 'नाव कमी' म्हनताना तिचा आवाज जरा बारीक झाला, पन वाचली शेवटपर्यंत.

बाईमानसाची हजेरी तवा सहा रुपये. म्हंजे दहा दिवस टोपलं उचलायचं आन् एक घास खायचा न्हाई. लिंबाजी बोटांवर हजेऱ्या मोजत बसला. बोलला तो मुकादम. त्याला खोपीखोपीतली बातमी आधी लागायची. बुधवारी सकाळीच म्हनला, पोरगी रिकामी होऊन राहिली न्हवं? पाठवा कामावर, अर्धी हजेरी लावतो. जसं काय उपकारच करून राहिला.

नागुबाईनं टोपलं खाली ठेवलं आन् तशीच, पायाला सिमेंट, शाळेत गेली.

हेडमास्तर माधवराव म्हनून व्हते. मानूस वाईट नव्हता. फीचं बोलायचं आलं की खिडकीतून भाईर बघायचा, त्यावरूनच कळायचं. नागुबाईनं सवलतीचा कागद दाखवला, आमच्या समाजाला फी माफ हाय म्हनली. ते म्हनाले, ती माफी शिकवन्याच्या फीची. ही फी पान्याची हाय. शाळेचा हौद आटला, कमिटीचे अध्यक्ष गुरुपादप्पा पदरचे पैसे घालून टँकर आनवतात, आन् पोरं तर दुप्पट झाली. गावाची पोरं गावाचं पानी पितात, बाहेरच्यांनी त्यांचं त्यांनी द्यावं, असं कमिटीचं म्हननं.

"सर," नागुबाई म्हनली, "माझी पोर घरूनच पिऊन येईल. दिवसभर तोंडात थेंब घालनार न्हाई."

माधवराव परत खिडकीकडं वळले. मग म्हनाले, "शनिवारी बारा वाजता अप्पा स्वतः येणार आहेत. काय ते त्यांच्यासमोर बोल. आणि एक काम कर. बाहेरगावाहून कामाला आलेले जे कुणी असतील त्या सगळ्यांना निरोप दे. एकालाही वगळू नको. नंतर कुणी म्हणायला नको, आम्हाला माहीतच नव्हतं."

त्यांच्या डोळ्यांपुढं खोपीतली अकरा लेकरं व्हती. नागुबाईच्या डोळ्यांपुढं काय आलं, ते सांगतो.

नागुबाईचा बाप आधी गावचा येसकर. गावकीचा निरोप दारोदार पोचवायचं काम त्याच्याकडं. छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवशी त्यानं काठी ठेवली ती ठेवली, पाटलानं दोनदा बोलावलं तरी परत हातात धरली न्हाई. पन त्या कामातली एक गोष्ट तो मरंपर्यंत सांगायचा. सांगावा सांगनाऱ्यानं दार निवडायचं न्हाई. मोठं दार, छोटं दार, भांडनाचं दार, समद्यांना तेच शब्द. एक दार गाळलं तर त्या दारचा मानूस जल्मभर इचारतो, मी गावात नव्हतो का?

हे ऐकतच नागुबाई वाढली. आता सरांनी सांगावा दिला म्हनल्यावर ती दारं मोजायला बसली. बाहेरगावाहून कामाला आलेलं कोन कोन हाय?

ते तर तिला तोंडपाठ व्हतं. चौथ्या दिवसाच्या नळावर तीन-तीन तास रांगेत उभं ऱ्हायलं की कोन कुठलं, कोनाची सासू कशी, समदं कळतं. गावातल्या बायांची घागर जाऊबाई नंबरात ठेवायची, ननंद भरून घ्यायची. जिच्या घागरीमागं तिला सोताला उभं ऱ्हावं लागतं, जिला हितं सोयरं न्हाई का धायरं न्हाई, ती बाहेरगावची. सोपा हिशोब. आन् त्या हिशोबात खजिन्यातल्या कारकुनाची बायको इंदूताई व्हती, बांधकामाच्या साहेबाची बायको व्हती, डाळमिलच्या गोदामातले चार जन व्हते, दवाखान्यातली नवी नर्स व्हती.

संध्याकाळी लिंबाजीला हे कळलं तर तो भाकरीचा तुकडा हातात धरूनच बसला.

"तुह्या बानं ज्या कामावर थुकून काठी टाकली," तो म्हनला, "ते तू परत करून राहिली? अन् साहेबांच्या दारी कामून जाती? त्यांना कोन फी मागतंय?"

"बानं पाटलाचा हुकूम सोडला," ती म्हनली. "हे माझ्या लेकीचं काम हाय. आन् सर म्हनले एकाला बी वगळू नको."

"सर तुला-मला म्हनले, नागू."

"मंग तसं म्हनायचं व्हतं त्यांनी."

लिंबाजी म्हनला, मार खाशील. आन् भाकरी खायला लागला. बायकोनं मनात घेतलं की गाडं हटत न्हाई, हे त्याला लग्नाच्या तिसऱ्या दिवशीच कळलं व्हतं.

दोन दिवस कामावरून सुटली की नागुबाई दारोदार गेली. समद्यांना तेच शब्द. शाळेत शनिवारी बारा वाजता, बाहेरगावाहून कामाला आलेल्या समद्यांना बोलावलंय, कमिटीचे अप्पा येनार हायेत, पोरांच्या नावाचं काम हाय. साहेबलोकांच्या बायकांना वाटलं, नवीन आलेल्या लोकांचा सत्कार-बित्कार असंल. इंदूताई तर म्हनली, आम्हाला इथं येऊन आठ महिने झाले, कुणी विचारलं नव्हतं बाई.

शनिवार उजाडला. बारा वाजता शाळा सुटली, पोरं घरी पळाली आन् मानसं यायला लागली. आधी खोपीतली. ती व्हरांड्याच्या कडंला बसली, नेहमीची जागा. मग इस्त्रीचे शर्ट यायला लागले. मग साड्या, पर्सा. बांधकामाचे साहेब जीपमधून आले. माधवराव भाईर आले ते दारातच थबकले. त्यांनी नागुबाईकडं बघितलं. नागुबाईनं मान हलवली, कुनी ऱ्हायलं न्हाई सर.

गुरुपादप्पांची आडत व्हती. दांडगा मानूस, कपाळाला भस्म, आवाज असा की गाडीवरचं पोतं आपसूक खाली उतरावं. ते आले, गर्दी बघून खूश झाले, खुर्चीत बसले. माधवरावांनी खाली मान घालून ठराव वाचला. सत्काराला आलेल्या बायका नवऱ्यांकडं बघायला लागल्या. इंदूताईचा नवरा रेणुकादास, बारीक अंगाचा, चष्म्याचा, उठून उभा ऱ्हायला.

"हे आम्हाला लागू आहे?"

अप्पा म्हनले, तुम्हाला न्हाई हो, ह्या लोकांसाठी हाय. मग त्यांनी समदी गर्दी नीट बघितली आन् इचारलं, तुम्हाला बोलावलं कुनी? समद्यांची बोटं नागुबाईकडं. अप्पांनी आवाज चढवला, तुला कुनी सांगितलं व्हतं गं साहेबलोकांच्या दारी जायला?

नागुबाईनं पदर खोचला. आन् पुढं येऊन उभी ऱ्हायली.

"अप्पा, बाहेरगावाहून कामाला आलेले समदे बोलवा, म्हनले. ज्याला ज्याला हितं सोयरं न्हाई त्याला त्याला सांगितलं. कुनी ऱ्हायलं असंल तर सांगा, आत्ता जाऊन येते."

जीपवाले साहेब हसायला लागले. अप्पा न्हाई हसले. ते म्हनले, सर, घ्या कागद, ठरावात दुरुस्ती करा. सरकारी कामावर आलेल्यांना फी माफ. बाकीच्यांना लागू. झालं, संपलं.

माधवरावांनी लिवलं आन् वाचलं. साड्या उठल्या, चपला शोधायला लागल्या. व्हरांड्याच्या कडंला बसलेली मानसं तशीच बसून ऱ्हायली. नागुबाईला वाटलं, हात्तीच्या, एवढी दारं हिंडले आन् समदी आपल्या डोळ्यांदेखत सुटून चालली, आपनच मागं. पंचशीला खांबाला टेकून उभी व्हती. तिच्याकडं बघायचा धीर झाला न्हाई.

पन रेणुकादास जागचा हलला न्हाई. इंदूताईनं त्याची बाही ओढली. त्यानं बाही सोडवून घेतली.

आता ह्या रेणुकादासाचं एक सांगायला पाहिजे. मानूस लई दयाळू व्हता अशातली गोष्ट न्हाई. पन बावीस सालं त्यानं कागद तपासले व्हते. कच्चा मसुदा बघितला की त्याला खडा लागल्यावानी व्हायचं. जेवताना दाताखाली खडा आला तर कुनी गिळतं का?

"हा मसुदा टिकणार नाही," तो म्हनला. "सरकारी काम म्हणजे काय? ही मंडळी क्वार्टर बांधतात. क्वार्टर सरकारचे. त्याचं बिल माझ्या टेबलावरून जातं. हे लोक सरकारी कामावरच आहेत. म्हणजे यांनाही माफ."

कडंला बसलेल्यांत जरा हालचाल झाली.

अप्पा म्हनले, बरं, मग असं लिवा, ज्याचं गावात घर न्हाई त्याला फी. माधवरावांनी लिवलं. रेणुकादास म्हनला, माझं कुठं आहे घर? भाड्याची खोली आहे, शेजारी म्हैस बांधलेली. तेवढ्यात नर्सबाई म्हनली, माझं बी न्हाई. साहेब म्हनले, आमचं तर बिऱ्हाडच रेस्ट हाऊसला हाय. चपला परत काढल्या गेल्या.

अप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हनले, तीन सालांहून कमी ऱ्हानार त्यालाच तात्पुरता म्हना. माधवरावांनी खोडलं, लिवलं. रेणुकादासानं कडंच्या लोकांना इचारलं, तुमचं काम किती दिवस? लिंबाजी म्हनला, पाच सालं, साहेब. रेणुकादासानं चष्मा पुसला.

"आमची बदली तीन वर्षांच्या आत होते. म्हणजे हे कायमचे आणि आम्ही तात्पुरते. फी आम्हाला."

इंदूताई कपाळावर हात मारून घेत म्हनली, अहो, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात? तो म्हनला, मी कुणाच्याच बाजूने नाही, मसुदा चुकलाय.

आता मात्र व्हरांड्यात हसू फुटलं. खोपीतल्या बाया पदर तोंडात धरून, साड्यावाल्या तशाच. अप्पांचं तोंड लाल. ते उठून उभेच ऱ्हायले आन् म्हनले, लिवा सर, शेवटचं लिवा. जो ह्या जिल्ह्यात तीन सालं ऱ्हातो तो आपला, बाकीचे समदे बाहेरचे. बोला आता कारकूनसाहेब, काय खोट हाय ह्याच्यात?

रेणुकादासानं तो कागद हातात घेतला. एकदा वाचला, परत वाचला. नागुबाईला वाटलं, संपलं ह्याचं बी.

"अप्पा," तो लई अदबीनं म्हनला, "जिल्हा होऊन अजून एक वर्ष पुरं झालेलं नाही. या जिल्ह्यात तीन वर्षं राहिलेला माणूस कुठून आणायचा? ह्या हिशोबाने आपली नातसुद्धा बाहेरगावची."

अप्पांची नात त्याच शाळेत, चौथीत व्हती.

अप्पांच्या पोटातून काहीतरी वर आलं, आधी गुरगुर, मग खोकला, आन् मग मानूस असा हसला की खुर्ची करकरली. डोळे पुसत म्हनले, अरे लेका, माझ्या सात पिढ्या हितं मातीत गेल्या आन् तू मला साठ रुपयाला बाहेरचा केलास.

हसून झाल्यावर ते खाली बसले आन् आवाज उतरवून बोलले. बोलले ते खरं व्हतं. म्हनले, मला काय पोरांचा राग हाय का? पन टँकर कुठून आनू? आडतीवर माल न्हाई, दोन महिने झाले माझ्याच खिशातून चाललंय.

रेणुकादास म्हनला, टंचाईच्या टँकरसाठी अर्ज केला होता का? अप्पा म्हनले, मागल्या साली केला व्हता, उस्मानाबादला, तवा आपला जिल्हा तोच. चार खेपा झाल्या, उत्तर न्हाई, मग सोडून दिलं. रेणुकादास म्हनला, आता उस्मानाबादचा काय संबंध? टंचाईचं टेबल इथंच आहे, डाळमिलच्या गोदामात. आन् ज्या टेबलाचं नाव घेतलं त्या टेबलावरचा मानूस तिसऱ्या ओळीत बायकोसंगं बसलेला व्हता. तो आपसूकच उठून म्हनला, सोमवारी द्या, पटाची संख्या लिहून. पोरं जेवढी जास्त तेवढं पाणी जास्त मिळेल.

"जेवढी जास्त तेवढं?" अप्पांनी परत इचारलं.

"माणशी हिशोब असतो."

"मग सर, ह्या पोरांची नावं कामून कमी करून ऱ्हायलाव?" अप्पा माधवरावांवरच ओरडले. जसं काय समदं त्यांनीच केलं व्हतं. "ठेवा समदी. अजून कुनाची असतील तर ती बी घाला."

माधवराव पहिल्यांदा खिडकीकडं न बघता हसले. त्यांनी ठरावावर आडवी रेघ मारली, खाली दोन ओळी लिवल्या आन् अप्पांनी सही केली. अर्ज रेणुकादासानं तिथंच लिवला. दुसऱ्या कुनाला लिवू दिला न्हाई.

गर्दी हलली, पन नागुबाई सरांच्या टेबलापाशीच. म्हनली, काय लिवलं ते वाचा. सरांनी वाचलं, बाहेरगावची फी रद्द, सर्व विद्यार्थ्यांची नावे पटावर कायम. तिनं ऐकून घेतलं. मग पंचशीलाला जवळ बोलावलं, म्हनली, आता तू वाच. सरांना राग आला न्हाई. त्यांनी कागद पोरीकडं फिरवून धरला. पंचशीलानं वाचलं. 'कायम'ला आली तवा तिचा आवाज बारीक झाला न्हाई.

भाईर इंदूताई उभी व्हती. म्हनली, नागुबाई, सत्कार म्हणून नवी साडी नेसून आले होते मी. नागुबाई म्हनली, मंग काय झालं ताई, चांगली दिसून राहिली की. दोघी बी हसल्या. मग इंदूताईनं हळूच इचारलं, खरं सांगा, मुद्दाम बोलावलं होतं ना आम्हाला? नागुबाईनं थोडा इचार केला. तिला सोतालाच नीट सांगता येईना. म्हनली, दार गाळायचं नव्हतं, एवढंच.

खोपीत आली तवा दोन वाजले असतील. कामावर अर्धी हजेरी अजून मिळाली असती. ती घागर उचलायला म्हनून वाकली आन् तिथंच भिताडाला टेकून बसली. मंगळवारपासून डोळ्याला डोळा नव्हता, ते आता कळलं. पत्रा तापलेला, माश्या, बाहेर मिक्सरचा खडखडाट. त्यातच तिची मान कलली आन् ती झोपली. दिवसाउजेडी, तोंड उघडं टाकून. आठ सालात कुनी तिला असं बघितलं नव्हतं.

लिंबाजीनं चुलीजवळचा पाट तिच्या डोक्याखाली सरकवला आन् दारात बसला. थोड्या वेळानं मुकादम आलाच. दुरूनच हाका मारत आला, नागुबाई कुठंय, आन् त्या पोरीचं काय ठरलं?

लिंबाजी जागचा उठला न्हाई. तोंडावर बोट ठेवून म्हनला, "हळू बोला मुकादम. बाई निजलीय."

मुकादमानं आत डोकावून बघितलं. नागुबाई घोरत व्हती. तो तसाच माघारी गेला, आन् जाताना पाय सुदिक जरा हळूच टाकले.